मे महिन्यातली पाहणी

साहेबांच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात फायली नसायच्या. तिथं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी कातडी चप्पल असायची. बांधाचा, विहिरीचा, कुंपणाचा दावा उभा राहिला आणि दोन्ही वकील आपापला नकाशा छातीठोकपणे खरा म्हणून सांगू लागले, की साहेब वाकून तो खण उघडायचे. खण करकरला की वकिलांचे चेहरे पडत. आता साहेब स्वतः जागा बघायला निघणार आणि आपल्यालाही उन्हातून मागे चालावं लागणार, हे त्यांना कळून चुकायचं. एरवी असल्या कामाला कोर्ट कमिशनर नेमतात. पण साहेब म्हणायचे, "दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून मी काय सही करू?"

मी वसईच्या कोर्टात त्यांची स्टेनो होते. वही, दोन पेन्सिली आणि छत्री घेऊन त्यांच्या मागून चालायचं, ते बोलतील ते उतरवून घ्यायचं आणि परत येऊन टाइप करायचं, एवढंच माझं काम. साहेब माणदेशातले. उंच, रापलेले, आणि बोलण्यात इतके कंजूष की त्यांच्या 'हं'चे आम्ही स्टाफने चार अर्थ लावून ठेवले होते. पाहणीला गेल्यावर ते कुणाच्या दारचं पाणीसुद्धा पीत नसत. गिरीजच्या एका वाडीत विहिरीचा दावा होता. एका पक्षकाराने आमच्यासाठी चार शहाळी सोलून ठेवली, ते बघून दुसऱ्याने सहा सोलली. साहेबांनी पिशवीतली बाटली काढली, तापलेलं पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही घ्या. तुम्ही थोडाच निकाल देता?" ते वाक्य मला त्या दिवशी फार आवडलं होतं. पुढे त्याच वाक्याच्या आडोशाला मी किती वर्षं बसून राहिले, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

साहेब गेल्या वर्षी गेले. चंदनसारला ते राहत होते त्या सोसायटीत शोकसभा झाली. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी उठले, साहेब फार शिस्तीचे होते असं काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले.

त्यांची निकाल वाचायची पद्धत वेगळी होती. वाचताना ते जिंकणाऱ्याकडे बघतच नसत. हरणाऱ्याला पुढे बोलवायचे, बसायला खुर्ची द्यायला लावायचे आणि त्याच्याकडे बघत सावकाश, साध्या मराठीत सगळं समजावून सांगायचे. "जिंकणाऱ्याला फक्त शेवटची ओळ हवी असते," ते म्हणायचे. "निकाल लिहायचा तो हरणाऱ्यासाठी." यात कोर्टाचा वेळ जायचा आणि वकील चुळबुळ करायचे. पण हरलेली माणसं निमूट घरी गेलेली मी त्याच कोर्टात पाहिली.

निवृत्त झाल्यावर ते पुण्याला मुलीकडे जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांनी विरार पूर्वेला, चंदनसारला, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. का, ते कुणाला कळेना. मी तोवर नोकरीतून बाहेर पडून विरारलाच स्थायिक झाले होते, त्यामुळे अधूनमधून जायची. सोसायटीच्या मीटरच्या खोलीला लागून एक रिकामी खोली होती. तिथं दर रविवारी सकाळी साहेब तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बसायला लागले. आधी बिल्डिंगमधली भांडणं आली, मग शेजारच्या बिल्डिंगमधली, मग पार वटारपासून माणसं रिक्षा करून यायला लागली. तिथं ना फी होती, ना अर्ज. नियम मात्र एक होता आणि तो भल्याभल्यांचा घाम काढायचा. आपली बाजू सांगायची नाही. आधी समोरच्याची सांगायची, आणि समोरचा स्वतःच्या तोंडाने 'बरोबर' म्हणेपर्यंत सांगत राहायची.

"सर, मी कशाला ह्याची साइड घेऊ?" पार्किंगवरून भांडत आलेला एक बँकवाला उसळला होता. "ह्याने माझ्या गाडीला स्क्रॅच मारलाय!"

"साइड घेऊ नका. सांगा फक्त."

"ह्याचं म्हणणं काय असणार, मी गाडी वाकडी लावतो!"

"बरोबर का?" साहेब समोरच्याला विचारायचे.

"अर्धंच सांगितलं," समोरचा म्हणायचा. मग पहिला पुन्हा सुरू. दोघं तीन रविवार आले. तिसऱ्या रविवारी बँकवाल्याच्या तोंडून निघून गेलं, की ह्याच्या वडिलांना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्याला गाडी लिफ्टजवळ लागते. समोरचा हळूच 'बरोबर' म्हणाला, आणि पुढे साहेबांना काही करावंच लागलं नाही. मी कौतुक केलं तर म्हणाले, "माझं कसब नाही हो. माणसं कंटाळून शहाणी होतात."

दुसरा एक हट्ट होता आणि त्याला मात्र लोक सरळ वेडेपणा म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या छतावर ओलीचे डाग उठले होते. चौथ्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी झिरपतंय, असं तिचं म्हणणं. फेब्रुवारी महिना होता. साहेब जाऊन तिच्या पलंगाच्या कडेवर बसले, बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जूनमध्ये परत येतो."

"सर, जूनपर्यंत स्लॅब पडेल माझ्या डोक्यावर!"

"एका ऋतूत बघून मी आता काही सांगत नाही, बाई."

जूनमध्ये गेले तेव्हा पाणी बाथरूमचं नव्हतंच, बाहेरच्या भिंतीला तडा होता. लोकांनी वाहवा केली. साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता आणि तो का, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांतही त्यांचा हाच खाक्या होता म्हणे. जिथं बदली होईल तिथं जमिनीची पाहणी दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. दावे रेंगाळले, वरून शेरे आले. वकिलांनी त्यांना 'चातुर्मास साहेब' नाव ठेवलं होतं. ही खोड जिथून लागली, तिथं मी वही घेऊन हजर होते.

तीस वर्षं तरी झाली असतील. खाडीकाठच्या एका गावातला दावा होता. गावाचं नाव राहू दे. एक विधवा बाई, तेव्हा पंचेचाळिशीची. तिला मी इथं काकी म्हणते. काकीच्या घरापासून तिच्या भातशेतापर्यंत जायला शेजाऱ्याच्या बांधावरून वाट होती, दहा मिनिटांची. सासूच्या सासूपासूनची वहिवाट. शेजाऱ्याने एक दिवस बांधाच्या तोंडाशी तार ठोकली. आता तिला रस्त्याने वळसा घालून, नाला ओलांडून जावं लागे, त्याला पाऊण तास. लावणीच्या दिवसांत डोक्यावर रोपं घेऊन अशा किती खेपा होणार? म्हणून ती कोर्टात आली.

साहेबांनी खण उघडला. मे महिन्याचा पहिला आठवडा होता, कोर्टाला सुट्टी लागायच्या आत हे काम उरकायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा शेतं कापून कधीच मोकळी झाली होती. जमीन भेगाळलेली, आणि माणसं वाटेल तिथून शेतं तुडवत चाललेली. बांधावर मात्र गुडघाभर वाळकं गवत. साहेब त्या गवतातून शेवटापर्यंत गेले, पावलं मोजत परत आले. त्यांच्या मुलखात उन्हाळ्यात पायवाट कशी पांढरी फटक उठून दिसते. जिथं वाट आहे तिथं ती मे महिन्यात दिसायलाच हवी, असा त्यांचा जन्माचा हिशोब. त्यातून काकीचा साक्षीदार कोर्टात खरं बोलून बसला होता, "उन्हाल्यात काय, कुठूनबी जातो." कुठूनही जातात, म्हणजे ठरलेली वाट नाही, असं शेजाऱ्याच्या वकिलाने लगेच पकडलं होतं.

"लिहा, बाई," साहेब म्हणाले. "बांधावर वहिवाटीची कोणतीही खूण दिसून येत नाही."

माझी पेन्सिल थांबली.

"काय झालं?"

"काही नाही, साहेब."

आता खरं सांगते. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. लहानपणी पावसाळ्यात असल्याच बांधांवरून मी आजीच्या मागे चाललेय. शेतात पाणी भरलं की बांध हीच वाट, आणि पाणी ओसरून कापणी झाली की त्या बांधाकडे कुणी फिरकत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला ते त्या क्षणी कळत होतं. मी वाक्य लिहून घेतलं आणि पूर्णविराम दिला. दोन दिवसांनी ते स्वच्छ टाइपही केलं. तुम्ही थोडाच निकाल देता, हे माझ्या मनाशी तयार होतंच.

निकालाच्या दिवशी काकीला खुर्ची दिली. साहेबांनी तिच्याकडे बघत सगळं वाचून समजावलं. ती मान हलवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सायब, तुमी वाचला ता सगला समजला मना. पन वाट हाय." आणि नमस्कार करून गेली. ठाण्याला जिल्हा कोर्टात अपील कर म्हणून तिला सगळ्यांनी सांगितलं. ती म्हणाली म्हणे, "लावनी करू का ठान्याला जाऊ?"

त्याच वर्षी श्रावणात दुसऱ्या एका दाव्यासाठी आम्ही शेजारच्या गावात गेलो. सगळीकडे पाणी आणि त्यातून निघालेले हिरवे बांध. एका बांधावरून सात-आठ बायका डोक्यावर ओझी घेऊन एकामागे एक चालल्या होत्या. साहेब रस्त्यातच उभे राहिले.

"बाई, ह्या उन्हाळ्यात कुठून जातात?"

"शेतातून, साहेब. तेव्हा मोकळंच असतं."

"मग बांधावर?"

"गवत वाढतं."

मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला मे महिन्यात माहीत होतं?"

मी हो म्हणाले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी विचारलं नाही," आणि चालू लागले.

सही झालेला निकाल न्यायाधीशाला स्वतःहून फिरवता येत नाही, आणि पक्षकाराच्या घरी जाऊन 'माझं चुकलं, अर्ज कर' असंही सांगता येत नाही. वर्षभरात त्यांची बदली झाली. पुढे निवृत्त झाल्यावर पुणं सोडून चंदनसारला आले ते कशासाठी, ते मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. त्यांचा फोन आला, "बाई, रस्ता तुम्हाला माहीत आहे. येता का?"

काकी सत्तरीला आली होती. अंगणात टोपल्या धूत बसली होती. साहेब छत्री मिटून उभे राहिले. "मी तुमच्याविरुद्ध निकाल दिला होता."

"वलखला," ती म्हणाली. "बसा. च्या ठेवते."

साहेबांनी त्या दारचा चहा घेतला. पाहणीच्या गावात ते दुसऱ्याच्या हातचं काही पिताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग आपल्या नियमाप्रमाणे त्यांनी तिची बाजू सांगायला सुरुवात केली. पाणी, बांध, गवत, मे महिना, साक्षीदाराचं खरं बोलणं, सगळं सांगितलं. "बरोबर?"

"एक राहिला," काकी म्हणाली. काय राहिलं ते सांगेना.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. साहेबांनी लावणीच्या खेपा सांगितल्या, अपील न करण्याचं कारण सांगितलं. काकी टोपली विणावी तशी शांत ऐकत होती. "एक राहिला."

तिसऱ्या खेपेला साहेबांनी तिच्या सुनेकडून रोपांची जुडी मागून घेतली, डोक्यावर ठेवली आणि रस्त्याने वळसा घालून शेताकडे निघाले. साठी उलटलेला माणूस! नाल्यापाशी घसरले, चिखलात बसले, पुन्हा उठले. शेताच्या अलीकडे एक वळण आहे, तिथून बांधाचं तोंड आणि ती तार दिसते. तिथं ते थांबले. परत आल्यावर पायही न धुता ओट्यावर बसून म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बांधाच्या तोंडाशी उभ्या होतात. उन्हात, सगळा वेळ. मी माझी पावलं मोजली. तुम्हाला एकदा म्हटलं नाही, की बाई, तुमची वाट चालून दाखवा."

काकीने पदराने डोळे पुसले. "हां," ती म्हणाली. "आता बरोबर."

शेजारी वारला होता. त्याचा थोरला तेव्हा चाळिशीचा, गावातच राहणारा. साहेब त्याच्याकडे गेले तर त्याने कपाटातून प्लास्टिक लावून जपलेला निकाल काढून दाखवला. "साहेब, खाली सही तुमचीच आहे ना? मग आता काय बोलताय?"

"तो कागद बरोबर आहे," साहेब म्हणाले. "वाट पण आहे."

त्याला नियमावर आणायला सगळा आषाढ गेला. त्यालाही काकीची बाजू सांगावी लागली आणि काकीला त्याच्या बापाची. तिने ती एका दमात सांगितली, "आज चालायला दिला तं उद्या रिक्षा घालतील नि परवा बांध जाईल, ही भीती व्हती त्याला. मानूस वाईट नव्हता." थोरला खाली बघून 'बरोबर' म्हणाला. आठ दिवसांनी त्याने दोन खांबांमधली तार सोडली, माणूस जाईल एवढी. "लिहून मात्र काही देणार नाही," त्याने बजावलं.

"नकोच," साहेब म्हणाले. "लिहिलेलं मी एकदा बघितलंय."

त्या दुपारी आम्ही तिघं बांधावरून निघालो. पुढे काकी, अनवाणी. मध्ये साहेब, ती जुनी चप्पल हातात धरून. मागे मी. दोन्हीकडे पाणी, आणि बांध एका पावलाएवढाच रुंद. मला आतून फार हलकं वाटत होतं. सगळं सुरळीत झालं, असं मी मनात म्हणत होते. अर्ध्यावर काकी थांबली. वळली नाही, तिथं वळता येत नाही. समोर बघतच म्हणाली, "सायबाचा झाला. आता तुजा."

"माझं काय, काकी?"

"तुजा आजोल खालच्या आलीतला ना? तुज्या मामाच्या लग्नात मी नाचलेली हाय. वही घेऊन आलीस तवाच मी तुला वलखला."

"काकी, मी स्टेनो होते. मला मध्ये बोलायचा अधिकार नव्हता. मी थोडाच..."

"बाई," साहेब म्हणाले. त्यांनीही मागे पाहिलं नाही. "तुमची नको. त्यांची सांगा."

मी सांगू लागले, की तुम्हाला वाटलं असेल, ही आपल्या भागातली मुलगी आहे, हिला बांध ठाऊक आहे, ही साहेबांना सांगेल. तुम्ही माझ्याकडे बघत उभ्या होतात. मी तुमच्याकडे बघितलं नाही. छान, मुद्देसूद सांगितलं, टाइप करावं तसं.

"एक राहिला," काकी म्हणाली.

ते काय होतं, ते मला पंचवीस वर्षं माहीत होतं. साहेबांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "बाई, तुमची भाषा फार स्वच्छ आहे. कुठल्या तुम्ही?" आणि मी 'विरारची' म्हणाले होते. आजोळची भाषा मी जिभेवरून खरवडून काढली होती. 'पाणी' म्हणताना 'पानी' निघू नये म्हणून प्रत्येक वेळी सांभाळून म्हणायची. त्या दिवशी बांधाबद्दल बोलले असते, तर मला हे कसं माहीत, तेही सांगावं लागलं असतं. नोकरीची भीती नव्हती. लाज होती.

"काकी," मी म्हणाले, आणि साहेबांसमोर कधी न उघडलेलं तोंड उघडलं. "तुला वाटला, ही आपली हाय. नि मना ता कलत व्हता. मी तुज्याकडं बगला नाय, कारन मना लाज वाटली. सायबांना कलला असता, मी हितलीच हाय. तुज्या वाटंपेक्षा मना माजी लाज मोठी वाटली."

पाण्यात कुठेतरी बेडूक बोलत होते. साहेबांची पाठ तेवढी मला दिसत होती, ती हलली नाही.

"हां," काकी म्हणाली. "चल आता. पाय बगून टाक, निसरडा हाय."